रिकाम्या बाटल्या परत मागणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा

प्लास्टिकच्या विमानांची मॉडेलं करणाऱ्यांसाठी, त्यातही गावाखेड्यात राहून हा छंद जपणाऱ्यांसाठी हे लिहितोय. क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावर शेवटी मारायच्या पारदर्शक थराच्या बाटलीत दारं-खिडक्यांना मारायचं लॅकर भरून विकणारा एक माणूस व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकं गाठतो. त्याची रीत इतकी पक्की आहे की पारखून घेणाराही त्यात सापडतो.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. शाळेतल्या मुलांना घेऊन १:७२ मापाची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी विमानं करतो. यासाठी लागणारं सामान आमच्याकडे कुठेच मिळत नाही. नागपूर गाठलं तरी हवी ती बाटली मिळेलच असं नाही, म्हणून मागवावं लागतं. या विक्रेत्याने पहिल्याच मेसेजला पिनकोड विचारला होता. मला आता वाटतं, जवळपास दुकान नसलेला, बाटली परत करायला जाऊ न शकणारा माणूस त्याला हवा होता.

पहिल्यांदा त्याने नामांकित जपानी कंपनीचं १० मिलीचं ॲक्रिलिक क्लिअर पाठवलं. ते अस्सल होतं. मी ते जुन्या पंखावर मारून पाहिलं, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह) लावून पाहिलं, कुठेही खोट नव्हती. मग त्याचा मेसेज आला, "रिकामी बाटली टाकू नका, आम्ही परत घेतो, पुढच्या ऑर्डरमध्ये तीस रुपये वजा करू." प्लास्टिकचा कचरा वाचेल, असं कारण दिलं होतं. पुढे मुलांसाठी धरून मोठी ऑर्डर दिली, पैसे यूपीआयने आधीच घेतले. आलेल्या बाटल्या तशाच, लेबल तेच. फक्त वर एक चिकटपट्टी होती: 'पातळ केलेलं आहे, थेट एअरब्रशमध्ये ओता'. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं छोटं यंत्र.

या कामात नवे असाल तर थोडं सांगतो. रंग वाळला की आधी चकचकीत थर मारतात, कारण खरबरीत रंगावर डेकल लावलं तर त्याच्याखाली हवा अडकते आणि ते चंदेरी दिसतं. डेकल बसलं की त्यावर पुन्हा मॅट किंवा सॅटिन थर, म्हणजे हाताळताना काही उखडत नाही. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पातळ होणारं ॲक्रिलिक खालच्या वाळलेल्या इनॅमलला, म्हणजे तेलाच्या रंगाला, सहसा धक्का लावत नाही. मॉडेलसाठी बनवलेली लॅकरंही असतात, पण ती फार हलक्या थरांनी मारायची. फर्निचरच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं थिनर मात्र इनॅमल उचलतं आणि ओला थर पडला तर पॉलिस्टायरीन, म्हणजे विमानाचं प्लास्टिकसुद्धा मऊ करतं.

तेच झालं. गावात एक काका आहेत, नागपूरच्या वायुसेनानगरातून निवृत्त झालेले. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी मिग-२१ वर काम केलं. त्यांच्यासाठी मी मिग केलं होतं. मे महिना होता. दुपारी थर हवेतच वाळून खरबरीत बसतो, म्हणून पहाटे मारायला घेतला. तोंडावर मास्क होता, त्यामुळे वास कळला नाही. पहिल्या मिनिटाला विमान काचेसारखं चमकलं. मग पंखावरच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्राला सुरकुती पडली. तिच्या बाजूने करडा रंग फुगला आणि शेपटीवरच्या पॅनलच्या बारीक रेषा डोळ्यांदेखत भरत गेल्या. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर इतक्या बारीक भेगा पडल्या की आतली खुर्ची दिसेना. त्या खुर्चीचे पट्टे मी केसाएवढ्या पट्ट्या कापून बसवले होते. फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

गावातल्या सुतारभाऊंनी बाटली नाकाशी धरली आणि लगेच म्हणाले, "सर, हे तं लाकडाचं लॅकर हाय. मी दरवाज्याले मारतो थेच. वरून अजून थिनर टाकलं यात." तेव्हा रिकाम्या बाटल्यांचा उलगडा झाला. गिऱ्हाइकांकडून अस्सल बाटल्या गोळा करायच्या, त्यात स्वस्त लॅकर भरायचं आणि गरम हवेने नवं सील आवळायचं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "तुमच्याकडे हवा दमट असेल." लॅकरमध्ये दमटपणाने दोष येतो हे खरं आहे. पावसाळ्यात थर पांढरट पडतो. पण तो मे महिना होता, विदर्भातला! आणि दमटपणाने प्लास्टिक विरघळत नाही. हे लिहिल्यावर तो एकदम नरमला, पैसे परत देतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला: "स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." ही त्याची दुसरी फसवणूक. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी स्कॅन केलं नाही, स्क्रीनशॉट ठेवले आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथेही कळवलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, पण समोरच्याचा पत्ता तर हवा! बिलावर पत्ताच नव्हता. पैसे अजून मिळालेले नाहीत.

म्हणून बाटली हातात आली की आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, किंमत आणि महिना-वर्ष छापलंय का बघा. आयात मालाच्या पाकिटावर हे असणं कायद्याने सक्तीचं आहे. माझ्या दुसऱ्या खेपेत यातलं काहीच नव्हतं. पहिली बाटली चांगली निघाली म्हणून दुसरीवर विश्वास टाकू नका, प्रत्येक बाटलीचा एक थेंब वाटीभर पाण्यात सोडा. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक ढवळल्यावर विरून जातं, लॅकरच्या पांढऱ्या गुठळ्या नाहीतर तारा होतात. किटच्या उरलेल्या प्लास्टिकच्या काडीवरही थेंब टाकून ठेवा. काही वेळाने ती बोटाला चिकटली तर ती बाटली विमानाजवळ नेऊ नका. मॅटच्या बाटलीत भुकटी तळाशी बसते, ती आधी नीट ढवळून घ्या, नाहीतर थर धुरकट येईल आणि तुम्ही विनाकारण बाटलीवर संशय घ्याल.

काकांचं विमान मी नव्या किटमधून पुन्हा केलं, या वेळी नागपूरहून हातात घेऊन तपासलेल्या बाटलीने. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, त्याआधी ते त्यांच्या घरी पोहोचवलं.

तो विक्रेता आता नव्या नावाने, नव्या नंबरवरून मेसेज करतो. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनाही आला. मजकूर तोच आहे, तीस रुपयांची सवलतसुद्धा तीच. तुम्हाला आला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट घेऊन १९३० वर कळवा आणि वापरलेल्या बाटल्यांची लेबलं खरवडूनच त्या टाका.