फ्रोझन पोर्क सॉसेज: चवीला मस्त, पण पाकिटाची मागची बाजू वाचून मगच रोजच्या जेवणात घ्या

दोन महिने झाले हे सॉसेज घरी येतंय त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. २५० ग्रॅमचं पाकीट, आत ५ सॉसेज, म्हणजे एक साधारण ५० ग्रॅमचं. समोर मोठ्या अक्षरात हाय प्रोटीन लिहिलंय आणि खरं सांगायचं तर मी तेवढं वाचूनच घेतलं होतं, व्यायाम सुरू केल्यापासून सकाळी घाईत पोटभर आणि प्रोटीनवालं काहीतरी हवं असायचं आणि हे १२-१५ मिनिटांत तयार होतं.

चवीबद्दल तक्रार नाही. मिरपूड नीट लागते, मांस बारीक दळलेलं आहे पण अगदी लगदा नाही, चावताना कण जाणवतात. कव्हर मंद आचेवर फुटत नाही. मी पॅनमध्ये थोडं पाणी घालून झाकण ठेवते, पाणी आटलं की सॉसेजच्याच चरबीवर सगळीकडून परतते, वेगळं तेल लागतच नाही. आतून ७१ डिग्री सेल्सियसपर्यंत गेलं पाहिजे, दळलेल्या पोर्कला ही काळजी घ्यायलाच हवी, बाहेरून रंग आला म्हणजे आतून शिजलं असं नसतं. थर्मामीटर नसेल तर मधोमध कापून बघा, आत कच्चट मऊ भाग दिसायला नको.

आता मुद्दा पोषणाचा, कारण नाव हाय प्रोटीन आणि मागचा तक्ता काही वेगळंच सांगतो. १०० ग्रॅमला २९० कॅलरी, प्रोटीन १३ ग्रॅम, फॅट २५ ग्रॅम, त्यातलं सॅच्युरेटेड ९, आणि सोडियम ८२० मिलिग्रॅम. एक ग्रॅम फॅटला ९ कॅलरी धरल्या तर २९० पैकी २२५ फॅटच्याच झाल्या, म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. अंड्याशी तुलना करून बघा, एका सॉसेजच्या १४५ कॅलरी म्हणजे जवळपास दोन अंड्यांएवढ्या, पण दोन अंड्यांत प्रोटीन १२ ग्रॅमच्या आसपास आणि सॉसेजमध्ये साडेसहा. मग हे हाय प्रोटीन कसं म्हणायचं? प्रोटीन आहे, चांगल्या दर्जाचं आहे, सगळी आवश्यक अमिनो ॲसिड्स, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक, त्यात आहेत, पण त्यासाठी हे खावं असं काही नाही.

मला जास्त लागलं ते मीठ. सुरुवातीला मी सकाळी तीन खात होते आणि दिवसभर सारखी तहान लागायची, मला वाटायचं व्यायामामुळे असेल. मग एक दिवस बसून हिशोब केला, तीन सॉसेज म्हणजे १२३० मिलिग्रॅम सोडियम. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे तीन ग्रॅम, ते मी किचनच्या वजनकाट्यावर वाटीत मोजलं आणि बाबांसमोर ठेवलं कारण त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि ते पण माझ्याबरोबर दोन-दोन खायला लागले होते. वाटीच्या तळाला तो पांढरा ढीग बघून ते काहीच बोलले नाहीत, नुसती वाटी बाजूला सरकवली. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात सॉसेज बंद आहे.

यात कंपनीने लबाडी केलीय असं नाही बरं का. सॉसेज बनवताना मीठ चवीपुरतं नसतं, मिठाने मांसातलं प्रोटीन सुटं होऊन चिकट बनतं आणि तेच चरबी आणि पाणी धरून ठेवतं, मीठ फार कमी केलं तर सॉसेज भुसभुशीत होतं आणि चरबी सुटते. म्हणून साधारण दीड-दोन टक्के मीठ असतंच. साध्या पोर्कच्या तुकड्यात १०० ग्रॅमला सोडियम ६० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, इथे ८२०, सगळा फरक प्रक्रियेचा.

चांगलं काय ते पण सांगते. पोर्कमध्ये बी-१ म्हणजे थायमिन भरपूर असतं, बी-१२, झिंक, सेलेनियम आणि शरीराला सहज लागू पडणारं लोह मिळतं. चरबीही सगळी वाईट नाही, अर्ध्याहून जास्त अनसॅच्युरेटेड असते. पण हे सगळं साध्या, कमी चरबीच्या पोर्कमधूनही मिळतं. आणि फायबर शून्य.

कॅन्सरचं विचारतात बरेच जण. २०१५ मध्ये डब्ल्यूएचओच्या आयएआरसीने, म्हणजे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या संस्थेने, प्रोसेस्ड मीट ग्रुप १ मध्ये, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं, सॉसेज त्यात येतं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी सांगितलं. ५० ग्रॅम म्हणजे यातलं एकच सॉसेज, पण रोज. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या वर आहेत हे लक्षात घ्या, समजा १०० जणांत ५ जणांना होणार असेल तर ते साधारण ६ होतील. तंबाखूही ग्रुप १ मध्येच आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे, तो ग्रुप पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तरी रोजच्या नाश्त्यातून मी ते काढलं.

घटकांच्या यादीत सोडियम नायट्राइट, म्हणजे ई२५०, आहे का ते बघा. ते बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे जंतू रोखायला आणि गुलाबी रंगाला घालतात, पण खूप तापलेल्या तव्यावर त्यापासून नायट्रोसामाइन्स, म्हणजे कॅन्सरशी जोडली गेलेली रसायनं, बनू शकतात, म्हणून करपवू नका. या पाकिटात नाहीये, हा त्याचा प्लस पॉइंट. दुसऱ्या एका पाकिटावर नायट्राइट नाही असं लिहून खाली सेलरीचा अर्क दिला होता, त्यातून नायट्राइटच मिळतं, नाव बदललं एवढंच.

आता आमच्याकडे आठवड्यातून एकदा, दोन सॉसेज तिघांना. पातळ चकत्या करून परतते, सुटलेल्या चरबीतच अर्धा कोबी, मटार, ढोबळी मिरची आणि शिजवलेला राजमा टाकते, वरून मीठ अजिबात नाही, लिंबू पिळते. प्रत्येकाच्या वाट्याला ३३ ग्रॅम सॉसेज आणि ताटभर भाजी येते, चव तर सगळ्या कढईला लागते. प्रोटीनचं काम राजमाही करतो आणि फायबर पण येतं. सकाळी मी परत अंड्यांवर आलेय, दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि ती तहान गेली.

चवीला पाचपैकी चार, रोजच्या आहारासाठी दोन. एक गोष्ट राहिली, कव्हर कोलॅजनचं, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या प्रोटीनचं, आहे एवढंच लिहिलंय, कोणत्या प्राण्याचं ते नाही. कोलॅजन कव्हर बऱ्याचदा गाई-बैलांच्या कातड्यापासून बनतं, ज्यांना बीफ चालत नाही त्यांनी हे विचारून घ्यावं. मी पाकिटावरच्या पत्त्यावर मेल टाकलाय, उत्तर आलं की हा रिव्ह्यू अपडेट करते.