मोरोक्को सहल: वाळू झकास, घाई फार

सांगलीतल्या एका टूरवाल्याबरोबर आम्ही दोघं मोरोक्कोला जाऊन आलो. मराकेशहून २,२६० मीटरचा तिझी-न-तिश्का घाट चढताना हिला गरगरलं. ड्रायव्हरनं न सांगता गाडी थांबवली, पोरगा गुणी. तिंघीरला बोडक्या डोंगरांखाली खजुरीची हिरवी पट्टी, पाटाचं पाणी, झाडांखाली बारक्या वाफ्यांत चक्क लसूणघास! मळाच आठवला. पुढं तोद्राची घळ: दोन्हीकडं ३०० मीटरच्या भिंती, मधे जेमतेम १० मीटर वाट. तिथं टूरवाल्यानं दिली फक्त २० मिनिटं. एवढ्यासाठी पैसे मोजले होते का? वाळवंटाकाठच्या मेर्झुगाला उंटावरून वाळूच्या टेकड्यांत गेलो, मावळतीला वाळू तांबूस झाली. रात्री तंबूत पुदिन्याचा चहा आणि घरून नेलेलं भडंग. शाकाहारी माणसाला रोज तेच भाजीचं ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली भाजी) मिळतं, हे आधी सांगायला हवं होतं.