बॅरिऑस आणि 'दुसऱ्या आवृत्तीचं कव्हर'

आमची प्रेस कोल्हापुरात. संगणकांचं सगळं अकरा वर्षं माझ्याच गळ्यात. २३ मशिनं आहेत. अकाउंट आणि स्टोअरला विंडोज, त्यावर टॅली. डिझाइनला ५ मॅक. मागच्या खोलीत ४ लिनक्स सर्व्हर, ज्यांची आठवण ते बंद पडल्यावरच सगळ्यांना होते. बॅकअपचं म्हणाल तर ज्याचं त्याचं वेगळं: मॅकना त्यांच्यातच येणारं टाइम मशीन, अकाउंटचे काका एक हार्डडिस्क डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचे, आणि सर्व्हरवर मी लिहिलेली, फाइलींच्या प्रती काढणारी आरसिंकची स्क्रिप्ट.

एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सर्व्हरवर 'दुसऱ्या आवृत्तीचं कव्हर' या एकाच नावाच्या दोन फाइली दिसायला लागल्या. कितीही निरखून बघा, नावात काडीचा फरक नाही. छपाईच्या प्लेटला गेली ती जुनी. दोन हजार कव्हरं रद्दीत.

दोष माझ्या स्क्रिप्टचा होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, 'ऱ' दोन तऱ्हेने साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. मॅकची जुन्या, एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावातला अखंड ऱ फोडूनच ठेवते, विंडोज मात्र टाइप केला तसा ठेवतं. लिनक्सला या दोन वेगळ्याच फाइली. मॅकवरून स्क्रिप्टने उचललेली एक, विंडोजवरून सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकलेली दुसरी. २०१७ साली मॅकवर एपीएफएस ही नवी पद्धत आल्यापासून नाव फोडणं थांबलं, पण आमच्या दोन मॅकवर अजून जुन्याच डिस्का आहेत.

मग सगळ्या मशिनांना एकच चालेल अशा बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला. एक विक्रेता चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण. म्हटलं, मॅकवरची एक फाइल पुसतो, परत आणून दाखवा. तर म्हणाला, "सर, मॅकवर महत्त्वाचं कोण काय ठेवतं?" चहा पाजून वाटेला लावला.

शेवटी बॅरिऑस घेतलं, त्याला आता तिसरं वर्ष. मूळ सॉफ्टवेअर बॅक्युला, २००० साली सुरू झालेलं. २०१० मध्ये त्यातून बॅरिऑस फुटून निघालं. त्यामागची कंपनी जर्मनीत, कोलोनला. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे; पैसे मोजायचे ते वर्गणीचे, तपासून दिलेल्या अपडेट्ससाठी आणि मदतीसाठी. रचना समजायला सोपी: डायरेक्टर हुकूम सोडतो, प्रत्येक मशिनवरचा फाइल डीमन (डीमन म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) फाइली देतो, स्टोरेज डीमन त्या डिस्कवर किंवा टेपवर लिहितो. बसवणं मात्र सोपं नाही. सगळी मांडणी टेक्स्ट फाइलींत. एक महिरपी कंस राहिला की डायरेक्टर उठत नाही, आणि पासवर्ड दोन्हीकडे तंतोतंत जुळला नाही की क्लायंट, म्हणजे ज्याचा बॅकअप घ्यायचा ते मशीन, ओळख दाखवत नाही. माझे पहिले तीन दिवस यातच गेले.

विंडोजवर व्हीएसएसमुळे, म्हणजे चालू डिस्कचा त्या क्षणाचा फोटो काढायच्या सोयीमुळे, उघड्या फाइलीही उचलल्या जातात. पण टॅली चालू असताना घेतलेली अशी प्रत म्हणजे लाइट गेल्या क्षणी डिस्कवर जे होतं ते. म्हणून काका टॅलीतून वेगळा बॅकअप काढतात आणि बॅरिऑस रात्री ११ ला तो नेतं. लिनक्सवर बॅकअपच्या आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलीतली पूर्ण प्रत, निघतो. तिथे तक्रार शून्य.

मॅकनं मला शिकवलं. फाइल डीमनला 'फुल डिस्क अॅक्सेस' हातानं द्यावा लागतो, नाहीतर मॅक त्याला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये पाऊलच टाकू देत नाही. रोज सकाळी रिपोर्ट यायचा, 'बॅकअप ओके, विथ वॉर्निंग्ज'. मी 'ओके' वाचायचो आणि पुढे जायचो. सव्वा महिन्यानं एका मॅकचं रिस्टोर करून पाहिलं, तर डॉक्युमेंट्स रिकामं. वॉर्निंगमध्ये एकेका फोल्डरचं नाव लिहिलेलं होतं हो!

नावांच्या बाबतीत बॅरिऑस प्रामाणिक आहे. जशी उचलली तशी परत देतं, फोडलेला ऱ फोडलेलाच. मॅकवरची फाइल मॅकवरच उतरवली तर प्रश्न नाही. लिनक्सवर उतरवायची तर मी नंतर 'कॉन्व्हएमव्ही' हा छोटा प्रोग्राम फिरवून नावं सांधून घेतो.

हे फाइलींचा बॅकअप घेतं. अख्खं विंडोज मशीन जसंच्या तसं उभं करण्याची सोय आम्ही घेतलं तेव्हा त्यात नव्हती. म्हणून प्लेट काढणाऱ्या सीटीपीच्या मशिनची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, मी वेगळी ठेवतो. आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या डोंगलचा, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही त्या किल्लीचा, बॅकअप तर ब्रह्मदेवालाही घेता यायचा नाही. ज्यांच्याकडे लिनक्सची काळी खिडकी उघडणारं कुणी नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये. वेब पानावरून फाइल परत आणता येते, ते काकांनाही जमतं; पण बिघडलं की कन्सोलशिवाय गत्यंतर नाही.

कुठली फाइल कुठल्या टेपवर याची खातेवही, म्हणजे कॅटलॉग, पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये असते. ती गेली तर टेप हातात असूनही चाचपडत बसावं लागतं, म्हणून तिचा बॅकअप रोज. आमचा सगळा डेटा एलटीओ-७ जातीच्या एका टेपवर मावतो. तिची मूळ क्षमता ६ टेराबाइट. २०१९ च्या पुरात पंचगंगा शहरात शिरल्यापासून ती टेप तळमजल्यावर राहत नाही. दर शनिवारी मालकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात जाते, वहिनींच्या पैठण्यांच्या वरच्या खणात.

डिझाइनच्या पोरींना सांगून ठेवलंय, फाइलच्या नावात 'दुसऱ्या' लिहू नका, '२ री' लिहा. काल सर्व्हरवर नवी फाइल आली: 'कोऱ्या पानांचा नमुना'.