रात्री दोनचा फोन आणि गुरुवारची पाचची वेळ

गेल्या वर्षी आई गेल्यानंतर रात्री-अपरात्री छाती धडधडून माझी झोप उडू लागली, आणि त्या काळात मी दोन सेवा वापरल्या: केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आणि इथे इंदुरातच एका खाजगी क्लिनिकमधील नियमित थेरपी. लोकमान्य नगरातील ओळखीची मंडळी आता हलक्या आवाजात विचारतात की यांपैकी काय घ्यावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

टेलिमानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर ती चोवीस तास, विनामूल्य आणि वीस भाषांत चालते. बेंगळुरूची निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था तिची शिखर संस्था आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज दिसल्यास पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. मी रात्री दोनच्या सुमारास गॅलरीत बसून फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी काय झाले हे विचारण्याआधी मी कुठे बसलो आहे आणि घरात कोण जागे आहे हे विचारले, गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून तो गार लागतो का ते सांगायला लावले, आणि मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न कसलाही आडपडदा न ठेवता विचारला. फोन ठेवण्यापूर्वी, उद्या सकाळी सर्वांत आधी कोणाशी बोलणार, हे माझ्याकडून नावानिशी वदवून घेतले. त्या रात्रीपुरते एवढे पुरेसे होते.

मात्र कोणत्याही हेल्पलाइनचा पिंडच असा असतो की पुढच्या वेळी दुसरेच कोणी फोन उचलण्याचा संभव अधिक, आणि मग आईपासून सगळे पुन्हा सांगावे लागते. थेरपीत मला नेमके याच्या उलट मिळाले. दर गुरुवारी पाच वाजता पन्नास मिनिटे, समोर तीच व्यक्ती. पहिल्या भेटीत मी ओघात सांगून गेलो होतो की आईला रुग्णालयात नेताना मी बराच वेळ दाराचे कुलूपच शोधत राहिलो. चौथ्या भेटीत या थेरपिस्ट बाईंनी वहीचे पान मागे उलटून तेच कुलूप पुन्हा काढले, आणि माझी धडधड नेमकी घराबाहेर पडण्याच्या किंवा कोणाला निरोप देण्याच्या आदल्या रात्री का होते हे तिथून उलगडत गेले. बाई हिंदी भाषक असल्यामुळे ‘हुरहूर’ म्हणजे काय ते त्यांना समजावताना माझी दहा मिनिटे गेली (फुकट गेली असे मात्र म्हणवत नाही).

थेरपीचा जाच आहे तो खर्चाचा आणि माणूस निवडण्याचा. त्याआधी मी ज्या एका समुपदेशकांकडे गेलो त्यांनी सलग तीन वेळा ऐनवेळी भेट रद्द केली, आणि त्यांची नोंदणी विचारल्यावर विषय बदलला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते; नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो, तेव्हा पैसे देण्याआधी हे विचारण्यात संकोच करू नये. औषधे सायकॉलॉजिस्ट देत नाहीत, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात; फी झेपत नसेल तर इंदुरातच बाणगंगेचे सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि तिथे जाण्यात कमीपणा मानण्याची आपल्या लोकांची जुनी खोड आता सुटायला हवी.

‘त्रास थोडा असेल तर हेल्पलाइन, मोठा असेल तर थेरपी’ असा जो हिशेब लोक मांडतात तो मला पटत नाही. मी घड्याळ बघतो. आजची रात्र निघत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार घोळत असेल, तर गुरुवारची वाट न पाहता लगेच १४४१६ लावावा, आणि जिवाला प्रत्यक्ष धोका असेल तर ११२. पण तीच रात्र महिन्यात तिसऱ्यांदा आली, तर फोनवरच भागवत राहू नये. माझ्या बाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की रात्री त्यांना केलेला फोन उचलला जाणार नाही, आणि वहीच्या कोपऱ्यात १४४१६ लिहून ते पान फाडून माझ्या हाती दिले होते. ते अजून फ्रिजवर चिकटवलेले आहे.