समुद्रकाठच्या गाडीसाठी आफ्टरमार्केट क्रॉस मेंबर: बसतो नेमका, पण आतून कोराच येतो

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत बरेच पावसाळे काढलेल्या हॅचबॅकची बॉडी वरून धडधाकट दिसत असली, तरी इंजिनाखालचा पुढचा क्रॉस मेंबर (स्टीअरिंग, चाकांचे आर्म आणि इंजिनाचे मागचे माउंटिंग ज्यावर बसते ती आडवी फ्रेम) पापुद्रे सोडू लागलेला असण्याची शक्यता मोठी असते. हा भाग दाबून घडवलेले दोन पत्रे वेल्डिंगने जोडून पोकळ केलेला असतो. निचऱ्याची भोके चिखलाने बुजली की आत शिरलेले पाणी तिथेच मुरते, खाऱ्या हवेतले मीठ तो ओलावा धरून ठेवते आणि गंज आतून बाहेर येतो. आमच्या गाडीत लोअर आर्मच्या (चाकाला या फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशजवळ, म्हणजे रबरी सांध्याजवळ, स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत गेले, तेव्हा फ्रेम बदलण्यावाचून पर्याय उरला नाही. त्या जागी पत्र्याचे ठिगळ लावून देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ब्रेक दाबल्यावर चाकाचा सगळा ओढा जिथे येतो, तिथे सडलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातल्या जुन्या फ्रेमचाही विचार केला होता, पण अपघातात वाकलेली फ्रेम नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

मूळ कंपनीच्या भागापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळालेली ही आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाची, फ्रेम मापाला मात्र चोख निघाली. स्टीअरिंग रॅकचे (स्टीअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणाऱ्या भागाचे), अँटी-रोल बारचे (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याचे) आणि इंजिनाच्या मागच्या माउंटिंगचे बोल्ट हाताने फिरवून आत गेले. एका आट्यात साचलेला रंग टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून काढावा लागला, एवढेच. वेल्डिंगच्या रेषा सलग आहेत. बाहेरचा काळा रंगही बरा आहे, परंतु टॉर्च लावून पोकळीत पाहिल्यावर लोखंड जवळजवळ उघडेच दिसते, आणि जुनी फ्रेम नेमकी तिथूनच गेलेली असल्यामुळे ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. म्हणून बसवण्यापूर्वी लांब नळीच्या फवाऱ्याने आतल्या प्रत्येक कोपऱ्यात कॅव्हिटी वॅक्स (पोकळीसाठीचे गंजरोधक मेण) मारून, निचऱ्याची भोके पुन्हा मोकळी करून घेतली. गॅरेजवाले सुचवतात तो जाड रबरी थर टाळलेला बरा, कारण त्याला तडा गेला की ओल त्याच्यामागे दडते आणि वरून काहीच कळत नाही.

घरी बसवणे शक्य आहे, पण त्यासाठी सपाट पक्की जमीन, बॉडीच्या मजबूत जागी लावलेल्या भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि इंजिन वरून तोलून धरणारा आडवा बार हवाच, कारण मागचे माउंटिंग सुटल्यावर इंजिन झुलते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. स्टीअरिंग सरळ ठेवून बांधून टाकावे आणि कॉलमच्या जोडावर खूण करावी. रॅक सुटलेला असताना स्टीअरिंगचे चाक गरगर फिरले, तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते. खरी कसोटी जुन्या बोल्टांची असते. त्यांचे नट चॅसिसच्या पोकळीत जोडलेले असतात आणि त्यातला एखादा सुटून आतल्या आत फिरू लागला, तर पत्रा कापून खिडकी करावी लागते. म्हणून गंज सोडवणारे तेल आधीपासून पुनःपुन्हा सोडून, बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा खेळवत काढावा. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटी गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला (पिळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळायचे असतात. हवेत लोंबकळत्या आर्मवर आवळले, तर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. यानंतर व्हील अलाइनमेंटला पर्याय नाही.

बसवल्यावर खड्ड्यांतला खडखडाट थांबला आहे आणि ब्रेक दाबताना गाडी डावीकडे ओढायची, तेही बंद झाले आहे. मूळ भागाच्या तुलनेत वाचलेले पैसे वॅक्स, नवे बुश आणि अलाइनमेंट यांना पुरून उरले. त्यामुळे ही फ्रेम मी पुन्हा घेईन. मात्र खोक्यात बोल्ट येत नाहीत आणि जुने, आटे खाल्लेले बोल्ट पुन्हा वापरण्याजोगे नसतात, त्यामुळे मूळ ताकदीच्या बोल्टांचा पूर्ण संच हाती आल्याशिवाय जुनी फ्रेम उतरवायला घेऊ नये. आणि चॅसिसच्या ज्या पत्र्यावर ती टांगली जाते तोच सडलेला असेल, तर ही फ्रेम विकत घेण्यात अर्थ नाही.