मध्यस्थ बनायचं की खुर्चीत बसायचं: ट्युनिशिया आणि सुदान

२०१३ मध्ये ट्युनिशियात मोहम्मद ब्राहमी या खासदाराला घराबाहेरच गोळ्या घातल्या, क्रांतीनंतरची नवी लोकशाही कोसळणार असं वाटत होतं, तेव्हा कामगार संघटना, मालकांची संघटना, मानवाधिकार लीग आणि वकिलांची संघटना अशा चौघी पुढे आल्या. त्यांनी स्वतःसाठी एकही मंत्रिपद मागितलं नाही, पण कामगार संघटना संपाने अख्खा देश बंद पाडू शकते हे सगळ्या पक्षांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सत्तेतल्या एन्नाहदा या इस्लामी पक्षाने सत्ता सोडली, २०१४ ला नवी घटना आली आणि २०१५ ला त्या चौघींना शांततेचं नोबेल.

सुदानमध्ये उलटं. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर यांच्या संघटनांनी हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीरला हटवणारं आंदोलन उभं केलं, जून २०१९ मध्ये खार्टूमच्या लष्करी मुख्यालयासमोरच्या धरण्यावर गोळीबार होऊन कितीतरी पोरं गेली आणि तरी ऑगस्टमध्ये त्यांच्या आघाडीने लष्करासोबत ११ जणांच्या सार्वभौम परिषदेत, म्हणजे देशाच्या हंगामी सर्वोच्च सत्तामंडळात, वाटणी केली. अध्यक्षपद आधी लष्कराकडे, बंदुकाही त्यांच्याचकडे! ऑक्टोबर २०२१ ला लष्कराने सगळंच गुंडाळलं.

मला विचाराल तर ट्युनिशियाचाच रस्ता बरा, २०२१ ला तिथेही संसद बंद पडली हे धरूनसुद्धा. अर्थात तिथलं लष्कर राजकारणापासून लांब होतं, सुदानी लोकांना ती सोय कुठे होती?