दोनास एक गुणोत्तर दाखवून बुडवलेली उधारी

उधारीवर माल मागणारा खरेदीदार आपणहून ताळेबंद पुढे करतो, तेव्हा विकणाऱ्याला बरं वाटतं. चालू मालमत्ता (वर्षभरात रोख होणारी) भागिले चालू देणी (वर्षभरात फेडायची), उत्तर दोन. दोन म्हणजे उत्तम, असं कुठेतरी शिकलेलं असतं आणि मन निश्चिंत होतं. नेमका असाच विक्रेता जाळ्यात सापडतो. ज्याला ताळेबंद अजिबात वाचता येत नाही तो निदान आगाऊ पैसे मागतो. एकच गुणोत्तर शिकलेला मात्र खात्रीने माल पाठवतो.

अशा फसवणुकीचा एक नमुना इथे मांडला आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत, सगळे लाखांत.

खरेदीदाराच्या ताळेबंदात मालसाठा 140, येणी (इतरांकडून यायचे पैसे) 110, रोख आणि बँकशिल्लक 50, मिळून चालू मालमत्ता 300. चालू देणी 150. चालू गुणोत्तर 2. मालसाठा वगळला तरी 160 ला 150, म्हणजे जलद गुणोत्तर 1.07. दीर्घ मुदतीचं कर्ज 240, स्वतःचं भांडवल 200. पहिली तीन-चार बिलं लहान होती आणि ती मुदतीआधीच चुकती झाली. मग एकदम दसपट ऑर्डर आली, 45 दिवसांच्या उधारीवर. त्या बिलाचे पैसे आलेच नाहीत.

खोट कुठे होती? वर्षअखेरीच्या आठवडाभर आधी याच धंद्याची चालू मालमत्ता 400 आणि चालू देणी 250 होती, गुणोत्तर 1.6. वसुलीचे 100 शेवटच्या दोन दिवसांत ओव्हरड्राफ्टमध्ये, म्हणजे बँकेच्या उधारखात्यात, भरले. दोन्ही बाजूंचे 100 कमी झाले आणि 1.6 चे 2 झाले. धंद्यात एका पैशाची भर पडली नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ते 100 परत उचलले. गुणोत्तर एकाच्या वर असलं की देणं फेडून ते फुगवता येतं. एकाच्या खाली असलं तर उलट करतात: 80 ला 100 असताना 100 चं अल्प मुदतीचं कर्ज काढून पैसे बँकेत नुसते ठेवायचे, म्हणजे 180 ला 200, आणि 0.8 चे 0.9 होतात. अमेरिकेच्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने 2008 मध्ये ‘रेपो 105’ या व्यवहारांतून तिमाहीअखेरीला सुमारे 50 अब्ज डॉलरची मालमत्ता विक्री म्हणून दाखवून ताळेबंदाबाहेर काढली होती आणि काही दिवसांत परत घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती बँक दिवाळखोरीत गेली. म्हणून एका तारखेचा ताळेबंद पुरत नाही. मागच्या बारा महिन्यांच्या महिनाअखेरीचे आकडे आणि वर्ष बदलतानाच्या तीस दिवसांचा बँकेचा उतारा मागायचा.

त्याहून मोठी खोट आकड्यांच्या पोटात होती. 110 येण्यांपैकी 60 मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडून यायची होती आणि सहा महिन्यांहून जुनी होती. 140 च्या साठ्यातला 50 चा माल वर्षभर जागचा हललेला नव्हता. कर्जाचे येत्या बारा महिन्यांत भरायचे 40 चे हप्ते चालू देण्यांत धरायला हवेत, ते दीर्घ मुदतीतच पडून होते. हे दुरुस्त केलं की चालू मालमत्ता 190, चालू देणीही 190. दोनाचं एक झालं. जलद गुणोत्तर धरलं तर रोख 50 आणि वसूल होणारी येणी 50, म्हणजे 100 ला 190, जेमतेम 0.53. येण्यांची वयवार यादी (कोणतं येणं किती जुनं) आणि संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप, एवढे दोन कागद वाचले असते तर हे दिसलं असतं.

दीर्घकाळ तग धरण्याच्या क्षमतेचंही तेच. कर्ज 240, भांडवल 200, गुणोत्तर 1.2, वरवर ठीक. पण त्या 200 मधले 90 जमिनीच्या पुनर्मूल्यांकनातून आलेले, कागदावरचे. उरले 110. त्यातून बुडीत येणी 60 आणि मेलेला साठा 50 वजा केला की शून्य. शिवाय टिपांमध्ये मालकाच्या त्याच दुसऱ्या कंपनीसाठी दिलेली 80 ची हमी. व्याज 24, कामकाजाचा नफा 36, म्हणजे व्याज दीडपट सुटतं असं दिसत होतं. त्या नफ्यात 15 जुनं यंत्र विकल्याचे होते. ते काढले की 21, व्याजालाही अपुरे.

या सगळ्यापेक्षा आधी पैसा अडकण्याचे दिवस मोजावेत, कारण त्यांना वेळ कमी लागतो आणि ते जास्त बोलतात. वर्षाची विक्री 600, विकलेल्या मालाची किंमत 480, पुरवठादारांची देणी 80. साठा 140 भागिले 480 गुणिले 365, म्हणजे 106 दिवस. येणी 67 दिवस. पुरवठादारांना पैसे द्यायला 61 दिवस. पहिले दोन मिळवून तिसरा वजा केला की 112. पैसा 112 दिवस अडकतो, पुरवठादारांना सरासरी 61 व्या दिवशी मिळतो, आणि नव्याला वचन 45 व्या दिवसाचं. मग पहिली बिलं वेळेआधी कशी चुकती झाली? आधीच्या पुरवठादारांना थकवून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. ती चोख बिलं मोठ्या ऑर्डरसाठी टाकलेलं आमिष असतात, त्यावरून पत ठरवू नका.

कागद कुणाच्या हातून आला हेही पाहा. इटलीच्या पारमालात कंपनीच्या उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत 3.95 अब्ज युरो असल्याचं पत्र 2003 मध्ये बनावट निघालं, आणि ते लेखापरीक्षकांनी ग्राह्य धरलं होतं. तेव्हा ताळेबंद कंपन्यांच्या सरकारी नोंदणीतून स्वतः काढा. त्याच ठिकाणी मालमत्तेवर अलीकडे नवीन बोजा चढला आहे का तेही कळतं. बँकेची खातरजमा करताना पत्रावरचा फोन नंबर वापरू नका, स्वतः शोधलेला वापरा. खरेदीदाराने दिलेल्या नावांशी बोलून उपयोग नाही. त्याने ज्यांच्याकडून माल घेणं मध्येच थांबवलं त्यांना गाठा.

माल गेला असेल आणि पहिली तारीख चुकली असेल तर त्याच दिवशी पुढचा पुरवठा थांबवा आणि थकलेल्या रकमेची लेखी कबुली सहीनिशी घ्या. “आणखी एक लॉट द्या, तो विकून सगळं एकदम चुकतं करतो,” अशी विनंती ठरलेलीच असते. तो लॉट देऊ नका. ज्या धंद्यात पैसा 112 दिवस अडकतो त्यात तुमचं जुनं देणं त्या लॉटमधून फिटणार नसतं, फक्त बुडणारी रक्कम वाढते.